अर्जी कमिटीचे मेंबरसाब

अर्जदार दोन्ही हातांनी कागद पुढं करायचा. मेंबरसाब तो घ्यायचे, न वाचताच सतरंजीवर पालथा घालायचे आणि त्यावर आपला रुंद पंजा ठेवून म्हणायचे, "हं अण्णा. आता तू सांग."

समोरचा माणूस गांगरून जाई. आपलं सगळं म्हणणं त्या कागदातच आहे, अशी त्याची समजूत असे. कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडून त्यानं तो उर्दूत लिहून आणलेला असे, आणि आत काय आहे ते त्याचं त्यालाच ठाऊक नसे.

"कागदात लिवलंय की साब सगळं."

"कागदात काय असतंय ते मला म्हाईत हाय. तू सरकारच्या पायाची धूळ हाईस म्हून लिवलं असंल. तुझी म्हस कुनी बांधून घातली, ते सांग की मला."

मग म्हशीची गोष्ट सुरू व्हायची.

ही निजामाच्या राजवटीतली गोष्ट. आमची जहागीर हुमनाबाद आणि आळंद यांच्या मधल्या पट्ट्यात होती. जहागीरदार हैदराबादेत राहत. एके वर्षी त्यांच्या मनात आलं की रयतेची गाऱ्हाणी गावोगावी जाऊन ऐकावीत. त्यासाठी त्यांनी तिघांची कमिटी नेमली. एक वकील, एक कापसाचे व्यापारी आणि तिसरे हे, नोकरीतून निवृत्त झालेले गिरदावर. उभा जन्म जमिनीची पाहणी करत घोड्यावरून हिंडलेले. बाकीच्या दोघांना लोक वकीलसाब आणि शेटजी म्हणत, म्हणून 'मेंबरसाब' हे नाव यांच्या एकट्याच्या वाट्याला आलं. मी कमिटीचा मुन्शी. लोक मराठीत किंवा कानडीत बोलत, मी ते उर्दूत उतरवी.

कमिटीला अधिकार म्हणाल तर काहीच नव्हता. ऐकायचं, शिफारस लिहायची आणि जहागिरीच्या कारभाऱ्यांकडं पाठवायची. वकीलसाबांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते ऐकताना घड्याळ बघत. शेटजी दुपारच्या जेवणानंतर बसल्या बसल्या डुलकी काढत. मेंबरसाबांना मात्र बहुधा कुणी हे सांगितलंच नसावं. ते अशा तन्मयतेनं ऐकत की मला वाटे, आता हे उठून जातील आणि म्हैस सोडवून आणतील.

एकदा एक म्हातारा धनगर आला. त्याच्याजवळ कागद नव्हता. पावसात त्याचा कुत्रा मेला होता. तो कुत्रा कसा होता, लांडग्याच्या अंगावर कसा जायचा, हे सगळं त्यानं सांगितलं. वकीलसाबांनी माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. मेंबरसाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "अप्पा, काय लिहून घेऊ?"

"लिहायचं कामून? न्हाई न्हाई," म्हातारा घोंगडी झटकत म्हणाला. "कमिटी ऐकायलीय म्हनले, म्हून आलतो."

आणि तो निघून गेला. मेंबरसाब मला म्हणाले, "मुन्शीजी, आजच्या दिवसात एवढी एकच अर्जी निकालात निघाली बघा."

बाकीच्या अर्ज्यांचं काय व्हायचं? कारभाऱ्यांकडून त्या परत येत आणि बहुतेकांवर एकच शेरा असे: दाखल दफ्तर. म्हणजे कागद कपाटात गेला, विषय संपला. अर्जदाराला कुणी काही कळवत नसे. तो बिचारा पुढचा पाऊस येईस्तोवर वाट बघे. मेंबरसाबांना हे सोसेना. ते आपली बैलांची दमणी जुंपायला सांगत, मला शेजारी बसवून घेत आणि त्या गावी जात. कशाला, तर 'तुमचं काम झालं नाही' हे सांगायला.

"चिठ्ठी पाठवू की साब," मी एकदा म्हणालो. रस्ता भयंकर होता आणि माझी पाठ दुखत होती.

"चिठ्ठी कोन वाचनार? ते परत त्या अर्जनवीसाकडंच जातील. आनि चिठ्ठीवर चिडता येतंय का कुनाला?"

म्हणजे लोकांनी आपल्यावर चिडावं, ही त्यांची तयारी असायची.

नागाक्काच्या गावची गोष्ट सांगितल्याशिवाय हा माणूस तुम्हाला कळायचा नाही. गाव मादन हिप्परग्याच्या वाटेवरचं. पारावर कमिटी बसली होती. पाटील आणि चार जाणते पुढं बसून तळ्याच्या बांधाविषयी बोलत होते. मेंबरसाबांचं लक्ष मात्र सारखं मागं जात होतं. चिंचेखाली सात-आठ बायका उभ्या होत्या.

"त्या कामून हुबारल्यात?"

"पान्याला आल्यात, साब," पाटील म्हणाले.

"पान्याला आल्यात, तर घागरी कुठं हायत?"

मेंबरसाब उठले, चिंचेखाली गेले आणि तिथल्या दगडावर बसले. नाइलाजानं मीही दौत-टाक घेऊन मागोमाग गेलो.

बायकांमधली उंच, काटक बाई म्हणजे नागाक्का. तिनं पदर खोचून सुरुवात केली. गावची विहीर वेशीबाहेर होती आणि वाटेवरच शिंदीचं दुकान होतं. गडी पिऊन वाटेत पाय पसरून बसत. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला काहीबाही बोलत. कुणी पाय आडवा घालून हसत. नागाक्काची सून नवी नवरी. तिनं महिनाभर सोसलं आणि एक दिवस घागर विहिरीच्या काठावरच ठेवून माहेरी निघून गेली. दुकान हललं तरच येईन, असा तिचा निरोप होता.

"माजा लेक जेवना झालाय," नागाक्का म्हणाली. "व्याही म्हनायलाय, सोडचिठ्ठी करू. त्या पोरीचं काय चुकलं, सांगा तुमीच."

मेंबरसाब म्हणाले, "ती वाट दाखवा मला."

ते बायकांबरोबर विहिरीपर्यंत चालत गेले. साहेब येताना दिसताच दुकानापुढचे गडी धोतर सावरत उभे राहिले. एकानं तर लवून सलाम केला. मेंबरसाब माझ्या कानात म्हणाले, "आज उठलेत. उद्या मी नसनार."

दुकान हलवावं अशी शिफारस त्यांनी त्याच दिवशी माझ्याकडून लिहवून घेतली. उत्तर यायला बरेच दिवस लागले. दुकानाचा गुत्ता, म्हणजे ठेका, दिलेला आहे, मुदत संपेपर्यंत जागा बदलता येणार नाही. दाखल दफ्तर. सोबत कारभाऱ्यांची तोंडी समज होती: कमिटीनं ऐकावं, उत्तरं सांगत फिरू नये.

दुसऱ्याच दिवशी दमणी जुंपली गेली.

नागाक्का अंगणात ज्वारी पाखडत होती. मेंबरसाब उभ्यानंच म्हणाले, "अक्का, न्हाई म्हनले. दुकान हलत न्हाई."

तिचं सूप थांबलं. "एवढं सांगायला आलाव व्हय?"

"व्हय."

"मग आता व्याह्याला मी काय सांगू? साब येऊन न्हाई म्हनून गेले म्हनू? असली कसली तुमची कमिटी? नुसती सतरंजी घालून बसायचं, आनि बायाबापड्यांनी त्वांड उघडलं की..."

ती बोलत राहिली. शेजारच्या बायका गोळा झाल्या, त्याही बोलल्या. मला फार वाईट वाटत होतं. या माणसानं शिफारस लिहिली, कारभाऱ्यांना दोनदा आठवण करून दिली, बोलणी खाऊन इथवर आला, हे मी सांगायला तोंड उघडलं. तेव्हा त्यांनी मला हातानंच गप्प केलं. सगळं ऐकून घेतलं आणि मग खाली अंगणातच बसले. निघून जावं, हे त्यांना सुचतच नव्हतं.

मग मागून एक म्हातारी, जी पहिल्या दिवशीही आली होती पण बोलली नव्हती, हळूच म्हणाली, "दुकान हलत न्हाई तर राहू द्या. त्याचं दार हलवता येतंय का बगा की."

मेंबरसाबांनी मान वर केली. दुकानाचं दार वाटेकडं होतं. ते मागच्या माळाकडं काढलं, तर गडी तिकडं बसतील आणि वाट मोकळी होईल. गुत्त्याच्या करारात जागा लिहिलेली होती. दार कुठल्या दिशेला, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

आम्ही सगळे गुत्तेदाराकडं गेलो. तो काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मागनं पश्चिम हाय, साब. दुपारी गिऱ्हाइकाला ऊन लागंल."

"मांडव घालून देताव," नागाक्का म्हणाली. "पर दार फिरव."

चार दिवसांत तिच्या लेकानं आणि त्याच्या सोबत्यांनी मागची भिंत फोडली, पुढचं दार चिखल-दगडानं लिंपून टाकलं आणि माळाच्या बाजूला पाल्याचा मांडव घातला. मग मेंबरसाब नागाक्काला दमणीत घालून व्याह्यांच्या गावी गेले. सून दाराआडून म्हणाली, "मी येऊन बगते. न्हाई पटलं, तर म्हागारी येनार."

"ये की. तुला पटलं, तरच मी 'झालं' म्हून लिहीन."

ती आली. घागर घेऊन विहिरीवर गेली, भरून परत आली. वाटेत आम्ही सगळे खुळ्यासारखे उभे होतो. ती मेंबरसाबांपाशी थांबली आणि म्हणाली, "लिवा." त्यांचा चेहरा त्या वेळी तुम्ही पाहायला हवा होता.

कारभाऱ्यांच्या कानावर हे गेलंच. आम्हा दोघांना बोलावणं आलं. कारभारी सभ्य माणूस. त्यांनी चहा मागवला आणि मग सांगितलं की पुढच्या दौऱ्यापासून मेंबरसाबांनी यायचं नाही.

मेंबरसाबांनी कप खाली ठेवला. "दार चुकीच्या बाजूला झालं का?"

"दार बरोबर आहे," कारभारी म्हणाले. "तुमचं जाणं चुकलं."

परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. "त्या तळ्याच्या बांधाचं राहून गेलं, मुन्शीजी."

त्यांच्या जागी नवे मेंबर आले. कमिटी चालू राहिली, सतरंजी पडत राहिली, पण समोर माणसं कमी कमी होत गेली. ती कुठं जात होती ते मला कळलं. मेंबरसाबांच्या घराच्या ओसरीवर.

"मी मेंबर न्हाई आता," ते सांगत.

"म्हाईत हाय की," लोक म्हणत आणि बसत.

पुढं त्यांना ऐकू येईनासं झालं. बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघून ते अंदाज बांधत आणि मग पडद्याकडं वळून मोठ्यानं विचारत, "क्या बोल रै ये?" पडद्याआड त्यांच्या बेगम असत. आम्ही त्यांना बीअम्मा म्हणत असू. परक्या पुरुषाच्या कानी त्यांचा आवाज कधी पडला नव्हता. पण नवऱ्यासाठी त्या पडद्याआडून ओरडून सगळं सांगू लागल्या. म्हैस, बांध, भावकी, सगळं. आणि ऐकताना काही सुटलं, तर त्या स्वतःच अर्जदाराला विचारत. हळूहळू लोक पडद्याकडं तोंड करूनच बोलू लागले.

जहागिरी जाण्याच्या थोडं आधी मेंबरसाब वारले. मी तेव्हा बीदरला होतो. बातमी उशिरा कळली, पोचायला आणखी उशीर झाला. ओसरीवर त्यांच्या तक्क्याची जागा रिकामी होती. कोपऱ्यात एक शेतकरी आधीच बसला होता. तोही समाचाराला आला असेल, असं मला वाटलं. पण त्याला इथं येईपर्यंत बातमीच नव्हती. तो आपलं गाऱ्हाणं घेऊन करजगीकडून चालत आला होता, आणि आता काय करावं हे न सुचून पागोटं हातात घेऊन बसला होता.

तो उठायला लागला, तेव्हा पडदा थोडा हलला.

"बसा अण्णा," आतून बीअम्मा म्हणाल्या. आवाज बसलेला होता. "लांबनं आलाव. आधी पानी घ्या."

तो पाणी प्याला. तांब्या खाली ठेवला. थोडा वेळ त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला. मग सरकत सरकत पडद्याजवळ गेला आणि खालच्या आवाजात सांगू लागला.