पान पान

मला विमानांचा रेडिओ ऐकायचा नाद आहे. गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर हातात मावेल एवढा रिसीव्हर घेऊन बसतो आणि विमानांनी फक्त संकटात वापरायची जी फ्रिक्वेन्सी असते, ती लावतो. तिच्यावर बहुतेक वेळ नुसती खरखर. दोन वर्षं मी ती ऐकली. म्हणजे दोन वर्षं कुणीतरी संकटात सापडावं म्हणून वाट बघत बसलो. हे लिहितानाही लाज वाटते.

त्या दिवशी माझी सुट्टी होती. उन्हं उतरताना खरखरीतून वैमानिकाचा आवाज आला, "पान पान, पान पान, पान पान." पुढचं इंग्रजी तुटक होतं, कळलं नाही. संकटातली हाक म्हणून सिनेमातला 'मेडे' तेवढा मला ठाऊक. मी खो खो हसलो. साहेबांना आभाळात पानाची तल्लफ आली! मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतंच. खाली लिहिलं, 'शहागंजवाले, दोन मसाला पान वर पाठवा', आणि वाळूजच्या आमच्या कंपनीतल्या ग्रुपवर टाकून दिलं. धडाधड हसरे चेहरे आले. पहिला चेहरा माझ्याच लाइनवर काम करणाऱ्या, शहागंजात राहणाऱ्या मित्राचा.

तासाभरानं ग्रुपवर कळलं, हैदराबादहून येताना विमानातच त्याच्या अम्मीच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. तो त्यांना घ्यायला विमानतळावरच उभा होता. 'पान पान' म्हणजे काय ते नेटवर शोधलं. मदतीची हाक असते ती. विमानात कुणाचा जीव धोक्यात असला तरी देतात. क्लिप मी सगळ्यांच्या मोबाइलवरून उडवली. माफी मागावी हे सुचलं नाही, आधी पुरावा पुसला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. त्यानं मला बाजूला बसवून माझा हात धरला.

"यार, तिथं उभा होतो तर जीव उगाच घाबरत होता. तेवढ्यात तुझी ती पानवाली क्लिप आली. कसम से, लई हसलो. अम्मी उतरली की तिला पण ऐकवणार होतो." त्यानं डोळे पुसले. "शुक्रिया, भाई."

मी म्हणालो, "अरे, त्यात काय एवढं."