जुन्या कॉम्प्युटरवाले

दर रविवारी कॉलेज रोडवरच्या एका टपरीवर आम्ही चौघं-पाच जण जमायचो. मराठी टायपिंगचा एक फुकट प्रोग्रॅम आम्ही हौसेनं सांभाळत होतो. जुन्या कॉम्प्युटरवरही तो चालावा म्हणून प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागे. आमच्यातले अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारे एक गृहस्थ बशीतला चहा फुंकत दरवेळी म्हणायचे, “जुन्यावाल्यांसाठी किती दिवस अडून बसायचं? जुन्यावर चालवणं बंद करून टाका बघा.”

मला माणूस कोरडा वाटायचा.

शेवटी आम्ही त्यांचं ऐकलं आणि नवी आवृत्ती फक्त नव्या कॉम्प्युटरसाठी काढली. तिची सीडी द्यायला त्यांच्या घरी गेलो, तर टेबलावर तसलाच जुना कॉम्प्युटर.

“अहो, तुमच्याकडेच हे चालणार नाही!”

“माहितीय की. नवा घेईन तेव्हा लागेल बघा,” म्हणत त्यांनी सीडी जपून कपाटात ठेवली.