बिजलीला दिलेलं तेल

"मॅडम, तेलाचे थेंब किती वाढवू? तिकडे नवरदेव तयार होऊन राहिला, आणि इकडे घोडी नाचायचं नाव नाही घेऊन राहिली."

फोनवर चेतन होता, लग्नाचा इव्हेंट मॅनेजर. मी जनावरांची डॉक्टर. लग्नसराईत मला बोलावणी पुष्कळ येतात, फक्त जेवायला कोणी बोलवत नाही.

तेल म्हणजे सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल. भांगेच्याच जातीच्या झाडातून काढतात, पण नशा आणणारा घटक वेगळा. सांधे दुखणाऱ्या काही म्हाताऱ्या कुत्र्यांना त्याने आराम पडताना दिसतो. घोड्यांबद्दल अजून कोणाला फारशी खात्री नाही. चेतनला मात्र होती. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. मी उगाच कॉलेजात एवढी वर्षं घालवली.

गांधीबागेच्या मागच्या तबेल्यात पोचले. बिजली झूल घालून सजलेली. तिचा मालक गुलाबभाऊ खाटेवर बसला होता. त्याची सगळी लग्नसराई या एका घोडीवर. आणि घोडीने वरातीत नुसतं चालून भागत नाही, ढोलाच्या ठेक्यावर पाय उचलून नाचावं लागतं. नाही नाचली तर वरपक्षाची अब्रू जाते म्हणे. ती अब्रू घोडीच्या पायात कोणी ठेवली, ते मला अजून कळलेलं नाही.

"डीजेचं टेन्शन होतं तिले," चेतन म्हणाला. "गुलाबभाऊजवळ बाटली देऊन कालपासून डोज चालू केला. पाहा, किती शांत उभी आहे!"

पाहिलं. बिजलीचा पुढचा उजवा खूर जमिनीला जेमतेम टेकलेला होता. सगळा भार उरलेल्या तीन पायांवर. ती शांत नव्हती, तिला हलवत नव्हतं. मला मनापासून राग आला.

"नाल कधी ठोकली?"

"कालच," गुलाबभाऊ म्हणाला. "लग्नासाठी नवीकोरी."

खूर गरम लागत होता. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, तिला दुखत नाही. आतलं मांस मात्र जिवंत असतं. मोठ्या चिमट्याने एकेका खिळ्याजवळ दाबत गेले. एका खिळ्यापाशी बिजलीने पाय असा हिसडला, की चेतन थेट पाण्याच्या टाकीमागे दिसला.

"खिळा आत मांसात गेलाय. काढावा लागेल. आज वरात बंद."

"मॅडम, पेनकिलर मारा न! दोन घंट्याचा तं सवाल आहे."

"आणि आत पू झाला, घोडी कायमची लंगडी झाली, तर तू पाठीवर नवरदेव घेऊन नाचशील?"

निर्णय गुलाबभाऊचा होता. त्याने एक लांबलचक जांभई दिली.

"काढा खिळा. बिजली नाही जात आज. वरात काय, निघतच राहते."

भर लग्नसराईत हातचं काम सोडताना एवढा निवांत माणूस मी पाहिला नव्हता. मला भरून आलं. खिळा काढला, जखम धुतली, पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. नवरदेव मामाच्या बुलेटवर गेला. अब्रू शाबूत राहिली असं ऐकते.

पुढच्या आठवड्यात बिजली चारही पायांवर उभी होती. चेतन सीताबर्डीपर्यंत सांगत सुटला होता की तेलानं गुण आला. पण तेलाचं प्रमाण जास्त झालं तर लिव्हरवर ताण येऊ शकतो, म्हणून मी गुलाबभाऊला बाजूला घेतलं.

"खरं सांगा, किती पाजलं तिला?"

तो इकडेतिकडे पाहू लागला.

"एक थेंब नाही, मॅडम. तिनं तोंडच नाही लावलं. एवढी भारी वस्तू फेकू कशी? टेन्शन तं मलेच होतं, मीच घेतलं. अर्धी बाटली. काय झोप लागून राहिली होती त्या दिवशी!"

आता सीबीडीने गुण आला असं कोणी सांगितलं, की मी आधी एवढंच विचारते, घेतलं कोणी?