रिकामा डबा

आमच्या गल्लीतल्या काकू मूळच्या लोह्याकडच्या. लातुरात येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली, पण बाईमाणसानं बिनकामाचं रस्त्यानं हिंडू नये, हे काही त्यांच्या डोक्यातून जात नाही. पोटातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोवर रोज जरा दम लागेल इतकं चाला. अंगात ताकद असली की ऑपरेशननंतर लवकर उठाल."

काकूंनी तोड काढली. दळणाचा डबा काखेत मारून त्या भराभरा निघायच्या. कुणी चहाला बोलावलं तर न थांबता ओरडायच्या, "आता न्हाई, दळण टाकायचंय!" सुरुवातीला कोपऱ्यावरच धापा टाकायच्या. मग पार मोंढ्याच्या बाजारापर्यंत जाऊन यायला लागल्या. एकदा गिरणीवाल्यानं मला अडवलं. "काकू रोज दारावरून जातात, दळण दुसरीकडं टाकायल्यात काय?" मी हसू दाबलं. डबा रिकामा असतो हे फक्त मला माहीत होतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले, तर सिस्टर त्यांना चालायला उठवत होत्या. काकू अडून बसलेल्या. "मोकळ्या हातानं कसं चालू? लाज वाटते लई."

मी जेवणाचा रिकामा डबा त्यांच्या हातात दिला. सिस्टरचा हात धरून काकू सावकाश, पण न थांबता निघाल्या. दाराजवळच्या खाटेवर एक बाई ऑपरेशनची वाट बघत पडून होती.

"कुठं निघालात?" तिनं विचारलं.

"दळण टाकायला," काकू म्हणाल्या. "तुमचं ऑपरेशन व्हायचंय न्हवं? मग पडून काय राहिल्या? उठा, डबा घ्या!"