अपिलात पोचलेल्या मापाच्या वह्या

निकालाची नक्कल मिळाली तशी मी लातूरच्या कोर्टाबाहेर ऑटोत बसूनच ती वाचायला घेतली. काही वर्षांपूर्वी नांदेडहून परत येताना आमच्या जीपला ट्रकनं धडक दिली होती आणि माझा उजवा अंगठा कायमचा आखडला होता. त्याआधी मी ब्लाउज शिवायचे. नंतर कात्रीच धरता येईना.

अपघात न्यायाधिकरणानं चूक ट्रकवाल्याचीच मानली होती. पण पुढं लिहिलं होतं, 'अर्जदार गृहिणी असून तिला स्वतंत्र उत्पन्न नाही.' भरपाई त्याच हिशेबानं दिलेली. दवाखान्याचा खर्चही जेमतेम निघत होता.

"अहो, हे वाचा की!" मी एवढ्यानं ओरडले की ऑटोवाल्यानं गाडी बाजूलाच घेतली.

नवरा म्हणाला, "मिळालं ते घेऊ. औरंगाबादला कुठं जातीस?"

"जाणार म्हणजे जाणार!"

ऑटो वळवून थेट वकीलताईंकडे गेलो. "ताई, पंधरा वर्षं शिवलंय मी. मापाच्या वह्या दिल्या होत्या ना आपण कोर्टात?"

त्यांनी फाइल उघडली. वह्या पुराव्यात नोंदलेल्या होत्या, पण निकालात त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. ताई खुर्चीतून उठल्याच. "ह्याच मुद्द्यावर अपील करू!"

औरंगाबादला हायकोर्टाच्या खंडपीठात आमचा नंबर यायला दोन वर्षं लागली. त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. सगळं इंग्रजीत. मला 'टेलर' तेवढं कळायचं, आणि तो शब्द आला की मी नवऱ्याचा दंड दाबायचे. ट्रकच्या विमा कंपनीचे वकील पावत्या कुठायत म्हणत होते, एवढं हातवाऱ्यांवरून समजलं. मग न्यायमूर्तींनी माझी एक वही उघडली. छाती, कंबर, बाही, गळा. एक पान, दुसरं पान, तिसरं. माझं वाकडंतिकडं अक्षर एवढा मोठा माणूस वाचत होता! माझे कान तापले.

थोड्या वेळानं ताई आम्हाला घेऊन बाहेर आल्या. "जिंकलो! शिवणकाम हाच तुमचा व्यवसाय मानला. अंगठा गेल्यानं तो बंद पडला, हेही मानलं. भरपाई तिपटीच्या वर गेली."

"खरंच?"

"हाव, खरंच!" त्या हसल्या.

मी व्हरांड्यातच त्यांना मिठी मारली. नवरा अनोळखी पक्षकारांना सांगत सुटला, "लई भांडली हो ही!"

पैसे आल्यावर घरच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी टाकल्या आणि शिवणाचा क्लास काढला. पहिल्याच आठवड्यात पाच जणी आल्या.