अनाथाश्रमाची मागली खोली

कुर्डुवाडी सोडल्यावर डब्यात मी एकटीच उरले. बाहेर काळी रानं, कापून पडलेली ज्वारी; दूरवर माणूस दिसेना. मी पुण्याहून सोलापूरला निघाले होते ती सरकारी कामाने. निराधार मुलांचा कायदा नवा होता. कोर्ट अशी मुलं ज्या खाजगी संस्थांच्या हवाली करी, त्या संस्था पाहायला सरकारने काही बायका नेमल्या होत्या. मी विधवा, मूलबाळ नाही. फिरतीला सोयीची, असं साहेबांना वाटलं असावं.

सोलापुरात आधी गिरण्यांची धुराडी दिसली, मग स्टेशन. टांगेवाल्याला आश्रमाचा पत्ता सांगितला, तेव्हा त्याने वळून पाहिलं. "उधर कोई मिलने नई आता, माँजी," एवढंच तो म्हणाला. आश्रमाशी उतरल्यावर मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं.

व्यवस्थापकांनी अगत्याने जेवू घातलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. मुलं अंगणात रांगेने बसवलेली. कपडे नवे, पण मनगटं काटकुळी आणि डोक्यांत खवडे. कुणी बोलत नव्हतं. फक्त नरसम्मा नावाची सात-आठ वर्षांची मुलगी माझा पदर धरून एकच शब्द म्हणत होती, "तम्मुडू, तम्मुडू."

"काय म्हणते ही?"

"वेडसर आहे, बाईसाहेब. बडबडते काहीतरी," व्यवस्थापक म्हणाले.

कुंपणापलीकडे विहिरीवर राजम्मा नावाची बाई पाणी शेंदत होती. तेलुगू विणकरांच्या घरातली. मी तिला आत बोलावलं. ती पोरीशी थोडं बोलली आणि तिचा चेहरा उतरला.

"तम्मुडू म्हंजे धाकटा भाऊ, बाई. त्यो मागल्या खोलीत हाय म्हनती. लई ताप हाय त्याला. दार लावून ठिवलंय की."

व्यवस्थापकांना किल्ली सापडेना. "सापडेपर्यंत मी इथेच बसते," मी म्हणाले. मग सापडली. आत ओल्या फरशीवर, गोणपाटावर तान्हेपण नुकतंच सुटलेलं एक पोर पडलं होतं. डोळे उघडे होते, पण ते रडतही नव्हतं. त्याला उचलून मी टांग्यात बसले आणि सरकारी दवाखाना गाठला.

माझा मुक्काम लांबला. डाक बंगल्यात बोलायला खानसामा, तोही ताट ठेवून निघून जाई. पोराचा ताप हळूहळू उतरला. माझ्या अहवालावरून कलेक्टरांनी व्यवस्थापकाला काढलं, बाकीच्या मुलांसाठी डॉक्टर धाडला. पण या भावंडांना तिथे परत ठेवायचं नव्हतं; त्यांची रवानगी दोन निरनिराळ्या गावी व्हायची होती. मुलींची संस्था एकीकडे, मुलांची दुसरीकडे.

राजम्मा आपण होऊन माझ्याबरोबर कोर्टात आली आणि तिने दोन्ही भावंडं मागितली. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "तुला स्वतःची चार आहेत. ही दोन कशाला?"

"माजी चार भांडत्यात, रडत्यात, साहेब. ही दोगं एकमेकाबिगर जगायची न्हाईत."

साहेबांनी कागद पुढे ओढला. मग सरकारी माणूस अधूनमधून पाहून जाईल, या अटीवर त्यांनी मुलं तिच्याकडे दिली.

निघायच्या दिवशी तिच्या घरी गेले. माग खटखटत होता. नरसम्मा भावाला भात भरवत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचा घास कालवला. मी जरा वेळ उंबऱ्याशी उभी राहिले, मग निघाले.

तिने धावत यावं असं मला वाटत होतं, खोटं कशाला सांगू? गाडीत त्याचंच वाईट वाटत राहिलं. पुणं जवळ आलं तेव्हा मनाला पटलं, की ज्या पोराला घर मिळतं त्याला तपासनीस बाई लागत नाही, आणि मला पाठवलं होतं ते एवढ्यासाठीच. घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला आणि एका माणसाचा स्वयंपाक केला.