रेनेसाँसच्या पेपरासाठी लावलेला कौल

श्रावणातला सोमवार, मालवणजवळचं आमचं गाव, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या दिवशी सासूबाईंनी माझ्यावर चक्क कौल लावला... देवळात, गुरवाला बसवून, चार माणसांसमोर! कारण काय, तर मी चित्रांचा अभ्यास करत होते.

मी हायस्कूलमध्ये ड्रॉइंग शिकवायचे, पण टेम्पररी. डिप्लोमाचा एकच पेपर राहिला होता... पाश्चात्त्य कलेचा इतिहास, रेनेसाँस ते आधुनिक. गणपती झाले की कोल्हापूरला परीक्षा. तो पेपर सुटला तर नोकरी पक्की, नाहीतर पुढच्या जूनला घरी बसा, असं हेडमास्तरांनी सरळ सांगून टाकलं होतं.

आता रेनेसाँस म्हणजे काय... निम्म्या चित्रांत मेरीमाता आणि बाळ, उरलेल्या निम्म्यांत अंगावर चिंधी नसलेली माणसं! ती दुसरी पानं मी टाचण्या मारून बंद करून ठेवली होती. पण पुस्तकातले फोटो सगळे काळेपांढरे, धुरकट. त्यातून रंग काय कपाळ कळणार?

शेजारच्या वाडीतल्या फिलोमिनाबाई माझ्याच शाळेत शिकवायच्या. त्यांचा भाऊ बोटीवर होता, तो परदेशातून जुन्या चित्रांची रंगीत कॅलेंडरं आणायचा. शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे... निळा झगा कसा रंगवलाय, उजेड कुठून येतोय, मागचे डोंगर लांब कसे गेलेत, सगळं उतरवून घ्यायचे. त्यांनी दिलेलं एक चित्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. तिथेच घात झाला.

"सायबिणीक कपाटात कित्याक लावलंस गो?" सासूबाईंनी विचारलं. सायबीण म्हणजे मेरीमाता. "आई, माका अभ्यासाक लागता ती," मी म्हटलं. त्यांनी नुसतं "हूं" केलं आणि कपाट लावून टाकलं.

बाई गं, त्या दिवसापासून जी पाळत सुरू झाली! देवाचं तीर्थ हातावर दिलं की मी गिळेपर्यंत नजर हलायची नाही. सोमवारी फिलोमिनाबाईंकडून आले की अगदी तोंडाजवळ येऊन बोलायच्या... मासळीचा वास येतो का ते बघायला! रविवारी सकाळी माझ्या चपला गायब, कारण चर्चमध्ये मिसा, म्हणजे त्यांची प्रार्थना, रविवारी असते. नवरा बिचारा आईपुढेही मान हलवायचा आणि माझ्यापुढेही. मी इतकी वैतागले होते की काय सांगू...

सून बाटणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शेवटी त्यांनी जाहीर केलं, ही कोल्हापूरला जाणार की नाही ते देवच ठरवेल.

आमच्याकडे कौल लावल्याशिवाय विहीरसुद्धा खणत नाहीत. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं... उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. खरं सांगते, मला त्या गुरवाचाच संशय येत होता. तो सासूबाईंच्या माहेरच्या नात्यातला, आणि आदल्याच दिवशी आमच्याकडे चहा पिऊन गेलेला!

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या घराची सून परमुलखातल्या देवांची चित्रा काढता आसा. तिचा मन आपल्या घराकडे आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी, म्हाराजा!" जमलेली मंडळी ओरडली, "व्हय म्हाराजा!"

डावी पडली...

म्हणजे कोल्हापूर बंद! परीक्षा गेली, नोकरी गेली, वर गावभर नाव होणार ते वेगळंच. मी पदराने डोळे पुसायला लागले.

"देवान सांगल्यान," गुरव म्हणाला. "सुनेचा मन घराकडे नाय."

आणि सासूबाई पदर खोचून उठल्या. "दाखय बघया माका ती पाकळी!" उलटीसुलटी करून बघितली. "नीट भिजवूक सुदीक नाय! मी आजारी पडलंय तेव्हा हिणा माझे पाय चेपल्यान. आणि तू सांगतंस हिचा मन घराकडे नाय?"

"मी नाय गो काकी, देव सांगता..." गुरव चाचरला.

"मगे देवाक सांग, माझ्या सुनेवर संशय घेवचो तर मी घेईन. देवान सुद्धा घेवचो नाय!"

गुरव परत कौल लावूया म्हणत होता, पण बाईसाहेब केव्हाच पायऱ्या उतरून गेल्या होत्या. मी आपली त्यांच्या मागे पळतेय... हसू की रडू कळत नव्हतं.

संशय फिटला असं मात्र समजू नका हं! कोल्हापूरला त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. एसटीत पुस्तक मांडीवर घेतलं, टाचण्या मारलेलं एक पान उघडलंच आणि "शी!" करून टाचणी परत लावली.

शेवटच्या धड्यात क्यूबिझम होता. एका बाईचा चेहरा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. घाट चढेपर्यंत त्या तिच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हिचो कोणावरच इस्वास नाय दिसता."

पेपरात क्यूबिझमवर प्रश्न आलाच. सगळ्या बाजूंनी एकाच वेळी बघणं म्हणजे काय, ते मला पाठ करावं लागलंच नव्हतं! पास झाले. नोकरी पक्की झाली, रिटायर होईपर्यंत केली.

आईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्यावर विश्वास ठेवणारी माणसं पुढे पुष्कळ भेटली, त्या सगळ्यांचे उपकार आहेत. पण माझ्यासाठी देवाशी भांडल्या त्या एकट्या आईच...